कुमारांचे वाचन आणि हातातील फोन

हल्लीची मुले वाचीत नाहीत, ही तक्रार आम्ही शिक्षक एकमेकांस इतक्या वेळा ऐकवितो की, ती तपासून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. आमच्या पाहण्यातील चौदा वर्षांचा मुलगा दिवसभर फोनवर काही ना काही वाचीतच असतो. मात्र तो कोणत्या लिपीत वाचतो आणि एका बैठकीत किती वाचतो, हे विचारण्याजोगे आहे.

हैदराबादेतील मराठी मुलाची गोष्ट जरा निराळी आहे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर दखनी. शिवाय २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू आवश्यक झाली. (ते योग्यच झाले, ज्या भूमीचे अन्न खावे, तिची भाषा यावयासच हवी.) हिंदीच्या तासामुळे देवनागरी अक्षरे ओळखीची असतात खरी; परंतु 'ळ'पाशी मूल अडखळते, आणि पानभर मराठी उतारा त्यास ओझे वाटतो. आजीस संदेश धाडावयाचा तोही रोमन अक्षरांत! अशाने मराठी कानात उरते, डोळ्यांस पारखी होते.

आमच्या आजोबांची अडचण याहून लहान नव्हती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून, कचेरीचा व्यवहारही उर्दूतून. तरी त्यांचे मराठी वाचन टिकले, ते विवेक वर्धिनीसारख्या शाळेमुळे आणि मराठी ग्रंथसंग्रहालयामुळे. पुस्तक घरी येत असे आणि ते मोठ्याने वाचले जाई.

२०२३ च्या 'असर' पाहणीत, ग्रामीण भागांतील १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे चतुर्थांशांस आपल्या भाषेतील दुसरीचा उतारा सफाईने वाचता आला नाही. फोन मात्र दहांपैकी नऊ घरांत होता. शहरातील आपण यावर निश्चिंत राहू नये. आणि फोनला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यावा? २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा धड्यांसाठी तो आम्हीच मुलांच्या हाती दिला.

म्हणून आम्ही एक साधा प्रयोग आरंभिला: आठवड्यातून एक संदेश मराठीत, देवनागरीत, घरच्या वडीलधाऱ्यांस. आठवीतील एका मुलीने टंकलेखनाचा कंटाळा करून तो तोंडी सांगितला. फोनने 'बाळ'चे 'बाल' केले. तिने ते स्वतः दुरुस्त केले, आणि पुढील आठवड्यात नांदेडच्या आजीच्या उत्तरातील दोन चुकाही आम्हांस आणून दाखविल्या.