इतर हक्कांच्या रकान्यात

दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारने २४ जुलै २०२५ रोजी जारी केले, आणि देशात अशी १०३ स्थळे निश्चित झालेली असताना शुद्धीकरणाचे काम अवघ्या सातांवर सुरू असल्याचे वृत्तही वाचकांच्या नजरेखालून गेलेच असेल. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची सहामाही यादी द्यावी, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करावी, इत्यादी मुदतींची उजळणी करण्यात मला स्वारस्य नाही. माझे मन अडकले आहे ते त्या नियमांतल्या जोखीम या एका शब्दापाशी.

विष सांडले आहे ना, मग ते शेवटच्या कणापर्यंत उपसा, हा सामान्य माणसाचा न्याय. जोखमीचे शास्त्र मात्र विषाचा उगम, त्याची वाट आणि ज्याच्या पोटात ते जाणार तो जीव, या तिघांची साखळी जुळते की नाही एवढेच पाहते. साखळीची एक कडी तोडली, म्हणजे माती उचलली, तिच्यावर चिकणमातीचे अभेद्य आच्छादन घातले किंवा शेजारच्या विहिरीचा उपसा बंद केला, की उरलेले विष जागच्या जागी ठेवून प्रकरण दप्तरी दाखल करता येते. कोडाईकनाल येथील तापमापकांचा कारखाना २००१ साली बंद पडल्यावर तेथील मातीत दर किलोमागे २० मिलिग्रॅम पारा राहू द्यावा, हा आकडा आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने काढला आणि तो फार सैल असल्याची तक्रार तेथील कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. त्या जागेवर पुढे कोण आणि किती काळ वावरणार, याविषयीची गृहीते अशा आकड्याच्या पोटात दडलेली असतात. ती बदलली की आकडाही बदलतो.

कळंबचे नाव मी येथे घेतो ते तेथे काही विष सापडले म्हणून नव्हे, तर तेथील विहिरीने मला हा विषय समजावला म्हणून. (हे कळंब धाराशिवचे नव्हे, यवतमाळचेही नव्हे, पुणे-नाशिक रस्त्यावरचे, आंबेगाव तालुक्यातले, घोडकाठचे.) वैशाखात मोटारीने तळ गाठलेल्या विहिरीच्या काठावर उभे राहून आत डोकावले, तर वर हातभर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या आणि अगदी तळाशी काळा पाषाण असे थर उघडे दिसतात, आणि दोन थरांच्या सांध्यातून एका अंगाने झरा पाझरत असतो तर समोरचे अंग ठणठणीत कोरडे असते. दहा पावलांवर खोदलेल्या दुसऱ्या विहिरीला तो झरा लागेलच, असे कोणी छातीठोक सांगत नाही. जोखमीच्या कोष्टकात जिला वाट म्हणतात, ती आमच्या दख्खनच्या खडकात अशी लहरी आहे. उदयपूरजवळच्या बिछडीत एच-आम्ल या रसायनाच्या कारखान्यांचा गाळ जमिनीत मुरून गावोगावच्या विहिरी नासल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली प्रदूषकानेच खर्च सोसावा असा निकाल दिला, आणि २०११ सालीही न्यायालय त्याच वसुलीचे हुकूम देत होते.

उचललेली माती कोठे न्यायची, हाही प्रश्न आहेच. भोपाळ वायुदुर्घटनेतल्या कारखान्याचा ३३७ टन कचरा २०२५ साली पिथमपूरला जाळला गेला. २०११ साली तो नागपूरला आणण्याची गोष्ट निघाली, तेव्हा महाराष्ट्राने साफ नकार दिला होता.

पण मला खरी धास्ती वाटते ती प्रकरण मिटल्यानंतरच्या काळाची. कारखान्याच्या आवारापुरती सुरक्षित ठरवलेली जमीन वीस वर्षांनी बिनशेती भूखंड म्हणून विकली गेली, तर? पुणे-नाशिक रस्त्यालगत काल जेथे ऊस होता तेथे आज धाबा आणि उद्या प्लॉट, हा क्रम मी डोळ्यांनी पाहिला आहे. अमेरिकेत नायगारा फॉल्स येथील लव्ह कॅनॉल ही रसायने पुरलेली जागा १९५३ साली एका डॉलरला शाळा मंडळाकडे गेली. पुरलेल्या रसायनांचा उल्लेख खरेदीखतात स्पष्ट होता, तरी शाळा उभी राहिली, घरे उठली, आणि १९७८ साली रहिवाशांना हलवावे लागले.

खरेदीखत वकिलाच्या कपाटात पडून राहते. सातबारा मात्र पीककर्जापासून सोयरिकीपर्यंत सर्वत्र वाचला जातो. ज्या आंबेगाव तालुक्याचे मूळ गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले असूनही त्याचे नाव प्रत्येक दस्तावर नित्य उमटते, त्या तालुक्याला कागदाची स्मरणशक्ती वेगळी सांगायला नको. म्हणून मिटवलेल्या प्रत्येक दूषित जागेची नोंद, किती विष कोणत्या खोलीवर राहू दिले आहे या तपशिलासह, सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात घालावी, असे माझे मत आहे. कोठे विहीर खोदू नये, हेही त्यातच लिहावे.

ही कल्पना मी परिचयातील एका निवृत्त तलाठ्यापुढे मांडली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नोंद घालण्यापेक्षा ती कमी कशी होते याचीच चौकशी आधी केली. “अहो, फेरफार धरायला काय लागतं? बँकेचा बोजा बँकेच्या दाखल्यानं उतरतो. हा तुमचा बोजा कुणाच्या दाखल्यानं उतरवायचा, तेवढं आधी लिहा.”