यंत्रांच्या पोटात – लेखांक ७ : स्टार्टरमधला 'खट्'

विहिरीवरच्या मोटारीचं हिरवं बटण दाबलं की स्टार्टरमध्ये 'खट्' होतं. बोट काढलं, बटण स्प्रिंगने मागे आलं, तरी मोटार चालूच. मग वाट धरून कोण बसलंय?

मागच्या आठवड्यात विद्युतचुंबक पाहिला. त्याला कामाला जुंपलं की रिले होतो. कॉइलमधून थोडा करंट गेला की लोखंडी पट्टी ओढली जाते, तिच्यावरचे कॉन्टॅक्ट मिटतात आणि पलीकडे मोठा करंट वाहू लागतो. तारायंत्राच्या काळात लांबून क्षीण होत आलेला संदेश ताज्या बॅटरीच्या जोरावर पुढे ढकलायला हीच युक्ती वापरत. टप्प्याटप्प्यावर घोडे बदलणाऱ्या डाकेवरून 'रिले' हे नाव पडलं. स्टार्टरमधल्या त्याच्या दणकट भावाला कॉन्टॅक्टर म्हणतात.

कॉन्टॅक्टरला तीन फेजचे तीन कॉन्टॅक्ट असतात, शिवाय बाजूला एक बारका चौथा. सगळी गंमत या चौथ्यात आहे. तो हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. बटण दाबताच तोही मिटतो, आणि कॉइलला वीज त्याच्यातूनच मिळू लागते. कॉन्टॅक्टर स्वतःच स्वतःला धरून ठेवतो! लाल बटण आणि ओव्हरलोड रिले याच वाटेवर ओळीने बसलेले. कुणीही वाट तोडली की मोटार बंद.

कारखान्यांत अशाच रिलेंनी भरलेली कपाटं यंत्रं चालवत. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत त्यांची जागा घेणारा छोटा संगणक, पीएलसी, आला, तरी त्याच्या 'लॅडर' प्रोग्रामात आजही हा चौथा कॉन्टॅक्ट काढतातच.

मला मात्र यातलं विसरणं जास्त शहाणपणाचं वाटतं. लाइट गेली की कॉइल सुटते; लाइट परत आली तरी मोटार आपण होऊन उठत नाही. मधल्या वेळात कुणाचा हात पट्ट्यात असेल, तर तो वाचतो.

पण रात्री दोनला लाइट येणार असेल तर बटण दाबायला बांधावर कोण जाणार? म्हणून ऑटो स्विच. शेतकऱ्याला दोष देववत नाही, पण हिशेब बघा. पाच एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, थेट सुरू होताना त्याच्या सहा-सात पट. लाइट येताच पंधरा मोटारी एकदम उठल्या तर सातशेच्या घरात करंट लागतो, आणि १०० केव्हीएच्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, ताकद फेजला १३५-१४० अँपिअरची. व्होल्टेज पडतं, मोटारी वेग धरत नाहीत, म्हणून आणखी वेळ मोठा करंट ओढत राहतात. अशाने डीपी जळते आणि पुढचे कित्येक दिवस सगळ्यांचंच पाणी बंद. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगतं ते यासाठीच.

तेव्हा ऑटो स्विच काढलेलाच बरा. तो निघेपर्यंत निदान त्याचा टायमर वापरा, आणि डीपीवरच्या शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाची वेळ अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने पुढेमागे लावून घ्या.