गिंडीचं रान आणि मन्रोचा निर्णय

चेन्नईत गिंडीला राज्यपालांच्या निवासस्थानाला लागूनच राष्ट्रीय उद्यान आहे. भर शहरातल्या त्या काटेरी झुडपांच्या रानात काळवीट चरतात. ही मालमत्ता मद्रास सरकारने १८२१ साली ३५,००० रुपयांना घेतली, तेव्हा गव्हर्नर होता सर थॉमस मन्रो. १८१८ मध्ये पेशव्यांच्या फौजेकडून सोलापूर घेणारा तो हाच. जंगलांबाबतचा त्याचा एक निर्णय मात्र दक्षिणेला फार काळ भोवला.

मुंबईच्या गोदीत जहाजांसाठी मलबारचा साग लागे. तो कमी पडू नये म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याला वनरक्षक नेमलं आणि सागावर सरकारी मक्ता बसवला. रान कुणाचंही असो, साग सरकारचा. लोकांना सरपण तोडणंही मुश्कील झालं. आता त्या जमीनमालकाच्या जागी उभं राहून पाहा. सागाचा घेर भरायला साठ-सत्तर वर्षं जातात. नातवाच्या हातीही तो लागणार नसेल, तर कोवळं रोप गुरांपासून राखायचं कुणी आणि कशासाठी? जंगल वाचवायला केलेल्या नियमाने जंगल राखणाराच दुरावला.

मन्रो रयतवारीचा कट्टर पुरस्कर्ता. रयतेचा हक्क तिच्याकडेच राहावा, हे त्याचं आयुष्यभराचं धोरण. तक्रारी वाढल्या तेव्हा १८२३ मध्ये त्याने वनरक्षकाचं पदच मोडीत काढलं. लाकूड व्यापारातून आपोआप मिळत राहील, असा त्याचा हिशेब होता. मला यातला न्याय पटतो, हिशेब पटत नाही. ज्वारी कापली की पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते, साग तसा येत नाही. व्यापाऱ्याने तयार झाडं नेली, नवी लावण्यात त्याला रस नव्हता.

तूट भरून काढायला १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनली याला निलांबूरला साग लावून वाढवावा लागला. मुंबई इलाख्याने १८४७ मध्ये दापोडीच्या सरकारी बागेचे डॉ. गिब्सन यांना वनरक्षक केलं. मद्रासला हे पद १८५६ मध्ये पुन्हा आलं, डॉ. क्लेगहॉर्न यांच्याकडे. १८८२ च्या मद्रास वन कायद्याने जंगलांवर सरकारी हक्क परतला आणि रानावर जगणाऱ्यांचा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन थांबला.

गिंडीच्या रानाला १९१० मध्ये राखीव वनाचा दर्जा मिळाला. मूळच्या सुमारे ५०५ हेक्टरांतले तुकडे नंतर आयआयटीसारख्या संस्थांना, नेत्यांच्या स्मारकांना गेले. १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं ते उरलेल्या जेमतेम २७० हेक्टरांचं.