हीटसिंक गार, प्रोसेसर गरम

जुन्या बाजारात विजेच्या पॅनेलमधली तांब्याची बसबार पट्टी वजनावर मिळते. तशी एक जाड पट्टी आणून मी तिचा ठोकळा कापून घेतला, त्यावर ॲल्युमिनियमचे फिन बसवले आणि वर १२ व्होल्टचा पंखा आवळला. हा हीटसिंक कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसवून मशीन सुरू केलं, दहा मिनिटांनी फिनांना बोट लावलं, तर ते गार. मला वाटलं, काम फत्ते झालं. मग तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं. प्रोसेसर ९६ अंशांवर होता आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत होता.

‘हीटसिंक हाताला गार लागला म्हणजे प्रोसेसर गार’ हा गैरसमज मी त्या दिवशी असा जवळून पाहिला. घरी हीटसिंक बनवणाऱ्यांमध्ये तो सर्वात जास्त आढळतो आणि तोच सर्वात महागात पडतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. प्रोसेसर तापलेला आणि हीटसिंक गार असेल, तर उष्णता मधल्या सांध्यातच अडली आहे. सांधा चांगला असेल तर काम वाढलं की हीटसिंकचं बूड कोमट, मग गरम व्हायलाच हवं.

माझ्या ठोकळ्याचा दोष साधा होता. स्क्रूसाठी भोकं पाडल्यावर त्यांच्या कडेला धातूची बारीक धार उठली होती आणि मी ती कानशीने काढलीच नव्हती. ठोकळा त्या धारेवर उभा होता, खाली केसाएवढी फट राहिली होती आणि तिच्यात हवा होती. तांबं हवेच्या सुमारे १५ हजार पट जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणून एवढीशी फटसुद्धा सगळ्या तांब्यावर पाणी फिरवते.

उपायही साधाच आहे. सपाट जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवायचा आणि त्यावर ठोकळ्याचं बूड फिरवत घासायचं. आधी २२० नंबरचा कागद, मग ४००, मग ६००. घासण्याआधी बुडावर मार्कर पेनने आडव्या-उभ्या रेघा मारून ठेवाव्यात. जिथल्या रेघा पुसल्या जात नाहीत, तिथे खळगा आहे असं समजावं. आरशासारखी चकाकी यावी म्हणून तासन् तास घासणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या चिकाटीबद्दल आदर आहे, पण गरज असते ती सपाटीची, चकाकीची नाही. घासल्यानंतर माझा हीटसिंक चांगला गरम लागू लागला आणि त्याच कामाला प्रोसेसर ६३ अंशांवर स्थिरावला.

सांध्यातल्या थर्मल पेस्टबद्दलही असाच गैरसमज आहे. पेस्ट जितकी जाड लावू तितका गारवा जास्त, असं अनेकांना वाटतं. पेस्ट असते ती उरलेल्या सूक्ष्म खळग्यांतली हवा हटवण्यापुरती. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन आहे आणि चांगल्या पेस्टची एक आकडी. हिशेब करून पाहा. ३ सेंटिमीटर बाजूच्या चौरस पृष्ठभागावर ४ वाहकतेच्या पेस्टचा १ मिलिमीटर थर दिला आणि प्रोसेसर ६५ वॅटचा असेल, तर नुसत्या त्या थरात तापमान १८ अंशांनी चढतं. थर ०.०५ मिलिमीटरचा असेल तर हाच फरक एका अंशाच्या आत राहतो. टूथपेस्ट सुरुवातीला काम करते हे खरं आहे, पण तिच्यातलं पाणी उडालं की खडूसारखी पूड उरते.

आता वजनाकडे येऊ. ‘ठोकळा जितका जड, तितकं मशीन थंड’ हे ऐकायला पटतं, कारण जड तवा उशिरा तापतो. पण तोच तवा शेवटी तापतोच. एक किलो तांब्याचा ठोकळा घ्या आणि हवेत काहीच उष्णता जात नाही असं धरा. ६५ वॅटचा प्रोसेसर त्याला पाच मिनिटांच्या आत ५० अंशांनी तापवतो. म्हणजे वजनाने मिळाली ती पाच मिनिटांची सवड. त्यानंतर सगळं अवलंबून असतं ते हवेला टेकणाऱ्या पृष्ठभागावर आणि त्या हवेच्या वेगावर. शिवाय उभ्या बोर्डावर हे वजन लोंबकळतं. पेंटियम ४ च्या काळात इंटेलने हीटसिंक ४५० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं होतं. बोर्डामागे आधारपट्टी नसेल तर ही मर्यादा आजही पाळावी.

म्हणूनच सगळा हीटसिंक तांब्याचा करण्याचा हट्ट मला पटत नाही. तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड, महाग आणि कापायला चिवट असतं. बूड तांब्याचं आणि फिन ॲल्युमिनियमचे, ही विभागणी योग्य. बुडाला छोट्या जागेतली उष्णता झटकन पसरवायची असते, तिथे तांब्याचा खरा उपयोग होतो. पितळ मात्र टाळा. त्याची वाहकता तांब्याच्या साधारण एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी असते. स्टेनलेस स्टीलची तर १५ च्या आसपास, म्हणूनच स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या पातेल्यांना तांब्याचा तळ देतात. एसीच्या तांब्याच्या नळ्या वाकवून ‘हीटपाइप’ बनत नाही, हेही इथेच सांगतो. खऱ्या हीटपाइपमध्ये हवा काढून थोडं पाणी बंद केलेलं असतं आणि आतून सच्छिद्र अस्तर असतं. पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून परतते. अशी नळी कापली की उरते फक्त नळी.

पंख्याच्या बाबतीत लोक खोक्यावरचा हवेचा आकडा वाचतात. तो आकडा समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. दाट फिनांवर तोच पंखा ठेवला की हवेचा बराच भाग कडेने पळतो. तिला फिनांमधूनच जायला लावायचं, तर पुठ्ठ्याचा किंवा पातळ पत्र्याचा चौकोनी बोगदा करून बाजू बंद कराव्यात. पंख्याच्या मध्यभागी मोटर असते आणि तिच्याखाली हवा जवळजवळ पोचत नाही. प्रोसेसरचा सर्वात गरम भाग मात्र नेमका तिथेच असतो. म्हणून पंखा फिनांना चिकटवू नका, एक-दोन सेंटिमीटर वर उचला. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट येते, पण वीज आठपट लागते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. त्यापेक्षा १२० मिलिमीटरचा पंखा संथ फिरवणं कधीही चांगलं. जुन्या ॲम्प्लिफायरच्या हीटसिंकमध्ये फिन दूर-दूर असतात, कारण ते पंख्याविना चालण्यासाठी बनवलेले असतात. पंख्याखाली दोन मिलिमीटरचं अंतरही चालतं आणि तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो.

काळा रंग देण्याचा फायदा पंखा नसेल तेव्हाच जाणवतो. पंख्याखाली रंगाचा जाड थर उलट आड येतो.

एक समज दर उन्हाळ्यात डोकं वर काढतो : चांगला पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड ठेवतो. तसं कोणताच पंखा करू शकत नाही. हीटसिंकची खरी ओळख म्हणजे एका वॅटमागे तापमान खोलीच्या वर किती अंश चढतं. हा आकडा ०.५ असेल, तर ६५ वॅटला ३२ अंशांहून थोडी जास्त वाढ होते. पुण्यात २८ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६० च्या आसपास राहील. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या ४४ अंशांच्या खोलीत तोच हीटसिंक ७६ दाखवेल. त्यात त्याचा काही दोष नसतो. म्हणून तापमान नोंदवताना शेजारी खोलीचं तापमान लिहाच, नाहीतर तुलना फुकट जाते.

माझ्या मते ६५ वॅटपर्यंतच्या प्रोसेसरसाठी घरगुती हीटसिंक निश्चित जमतो. कोअर आय९-१३९००के सारखा प्रोसेसर २५३ वॅटपर्यंत जातो. तिथे हा प्रयोग करू नये.

सुरुवात जुन्या मशीनवर करा. आणि घासलेला ठोकळा बोर्डाजवळ नेण्याआधी साबणाच्या पाण्याने धुऊन, ब्रशने झाडून पूर्ण कोरडा करा. तांब्याच्या किसाचा एक कण दोन पिनांमध्ये अडकला तरी मदरबोर्ड जळू शकतो.