पेनड्राइव्ह : काय पुसले जाते, काय उरते

पेनड्राइव्ह ही हातकणंगले तालुक्यात रोज हात बदलणारी वस्तू आहे. इचलकरंजीत इलेक्ट्रॉनिक जेकार्ड बसवलेल्या मागावर कापडाचे डिझाइन तिच्यातून चढवता येते. लग्नपत्रिका डीटीपीवाल्याकडून छापखान्यात तिच्यातूनच पोचते, फोटोग्राफर लग्नाचा व्हिडिओ तिच्यात भरून देतो आणि विद्यार्थी अर्जाची पीडीएफ घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातो. काम झाले की ती रिकामी करून पुन्हा वापरली जाते. या वापरामागे दोन समजुती असतात : पुसले ते गेले आणि ठेवले ते राहिले. दोन्ही अर्ध्याच खऱ्या आहेत.

रचना

फ्लॅश मेमरीचा शोध तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी लावला. पेनड्राइव्हमध्ये असते ती ‘नँड’ प्रकारची मेमरी १९८७ मध्ये जगापुढे आली. इस्राएलच्या एम-सिस्टिम्स कंपनीने १९९९ मध्ये यूएसबीला जोडायच्या मेमरीच्या पेटंटसाठी अर्ज केला. २००० मध्ये सिंगापूरच्या ट्रेक २००० कंपनीचा ‘थंबड्राइव्ह’ बाजारात आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आयबीएमने एम-सिस्टिम्सचा माल अमेरिकेत विकायला काढला. त्याची क्षमता होती ८ एमबी, म्हणजे १.४४ एमबीच्या फ्लॉपीच्या पाचपटींहून थोडी जास्त.

पेनड्राइव्हचे टोक निरखून पाहिले तर चार सोनेरी पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन विजेच्या असतात आणि मधल्या दोन माहितीच्या. कडेच्या पट्ट्या किंचित लांब असतात, त्यामुळे जोडताना वीज आधी पोचते आणि काढताना शेवटी तुटते. आत एक कंट्रोलर आणि एक मेमरी चिप असते. चिपमधल्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात विद्युतभार कोंडलेला असतो आणि त्याच्या कमीजास्त प्रमाणावरून माहिती वाचली जाते.

पुसणे

डिलीटची आज्ञा दिली की फाइल जागची हलत नाही. एफएटी३२ या फाइली मांडण्याच्या पद्धतीत फाइलींच्या यादीतल्या नावाचे पहिले अक्षर बदलून तिथे एक ठरावीक खूण होते आणि फाइलने व्यापलेली जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते. ग्रंथालयाच्या नोंदवहीतून पुस्तकाचे नाव खोडावे आणि पुस्तक मात्र मांडणीवरच राहावे, तसा हा प्रकार आहे. क्विक फॉरमॅटमध्येही फक्त नवी कोरी नोंदवही मिळते. त्यामुळे साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने जुन्या फाइली परत निघतात. चुकून पुसणाऱ्याला हा आधार वाटतो, पण आधारकार्डाची प्रत असलेला पेनड्राइव्ह दुसऱ्याला देणाऱ्यासाठी हाच धोका ठरतो.

तालुक्यातल्या चांदीकामाच्या हुपरीत जुने पैंजण आटणीत गेले की त्यांवरची नक्षी कायमची जाते आणि नुसती चांदी उरते. पेनड्राइव्हची अशी आटणी करायची तर सगळी जागा नव्याने लिहून काढावी लागते. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढून फॉरमॅट केले की सर्वत्र शून्ये लिहिली जातात. त्याला वेळ लागतो, तरी घरगुती कामासाठी ते पुरते.

तरीही थोडे उरू शकते. चिपचा एकच भाग झिजू नये म्हणून कंट्रोलर लिखाण वेगवेगळ्या जागी फिरवत राहतो, शिवाय काही जागा राखीव ठेवतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की फ्लॅश मेमरीवर एखादीच फाइल निवडून पुसण्याच्या पद्धती भरवशाच्या नाहीत. चिप थेट वाचली तर जुना मजकूर सापडतो. म्हणून गोपनीय माहितीसाठी पेनड्राइव्ह पहिल्या दिवसापासून बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरने कुलूपबंद करणे श्रेयस्कर. पासवर्ड भक्कम असेल तर उरलेला मजकूर कोणाच्याही उपयोगाचा राहत नाही. पेनड्राइव्ह टाकूनच द्यायचा असेल तर घाव नुसत्या टोकावर घालून भागत नाही. काळी चिप फुटली पाहिजे. तुकडेही घंटागाडीत न टाकता ई-कचरा संकलनात द्यावेत.

पुन्हा वापर

प्रत्येक पुसण्यागणिक कप्प्याभोवतीचा विद्युतरोधक थर झिजतो. एका कप्प्यात एकच बिट साठवणारी जुनी चिप सुमारे एक लाख वेळा पुसणे सोसत असे. तीन बिट साठवणाऱ्या आजच्या स्वस्त चिपची सहनशक्ती साधारण हजाराच्या घरात असते. आठवड्यातून एकदा भरून रिकामा होणाऱ्या पेनड्राइव्हला ही मर्यादा जाचत नाही. पण सीसीटीव्हीचे अखंड चित्रण किंवा रोज उघडणारी हिशेबाची फाइल थेट त्यावरच ठेवली तर तो लवकर थकतो.

फॉरमॅट करताना पद्धतही नीट निवडावी लागते. एफएटी३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही, त्यामुळे जागा असूनही लग्नाचा व्हिडिओ कॉपी होत नाही. तिथे एक्सफॅट घ्यावे. जुन्या यंत्रांना मात्र अनेकदा एफएटी३२ च लागते. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर संगणक ५९.६ जीबी दाखवतो, त्यात फसवणूक नसते. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. फसवणूक असते ती रस्त्यावर मिळणाऱ्या ‘२ टीबी’च्या मालात. त्याचा कंट्रोलर खोटी क्षमता सांगतो आणि खरी जागा संपल्यावर आलेली माहिती हरवते. नवा पेनड्राइव्ह एकदा पूर्ण भरून, फाइली उघडून पाहणे ही खरी परीक्षा.

दुकानोदुकानी फिरणाऱ्या पेनड्राइव्हला व्हायरसही लागतो. फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसू लागले तर मूळ फोल्डर बहुधा लपवलेले असतात. घाईने फॉरमॅट केल्यास तेही जातात. छपाईसाठी वेगळा, लहान पेनड्राइव्ह ठेवावा आणि त्यात तेवढीच पीडीएफ न्यावी.

भरवसा

कोंडलेला विद्युतभार हळूहळू गळतो. झिजलेल्या चिपमध्ये आणि उष्णतेत तो लवकर गळतो. वैशाखात बंद मोटारीत पडलेला किंवा वर्षानुवर्षे कपाटात विसरलेला पेनड्राइव्ह म्हणूनच बेभरवशाचा. लिखाण चालू असताना उपसून काढला तर यादीच बिघडते. कंट्रोलर जळाला तर चिप शाबूत असूनही माहिती घरच्या घरी निघत नाही, आणि हे बिघाड बहुधा पूर्वसूचना देत नाहीत.

उत्तरेला वारणा आणि दक्षिणेला पंचगंगा असलेल्या या तालुक्याला पुराचाही विचार करावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेने कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली. पाण्यात भिजलेला पेनड्राइव्ह वाचू शकतो, कारण चिप बंदिस्त असते. तो लगेच जोडून पाहू नये. गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा, काही दिवस पूर्ण वाळू द्यावा, मग जोडावा. पण कागद, संगणक आणि पेनड्राइव्ह एकाच घरात असतील तर तिन्हींवर संकट एकदमच येते.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम यावर लागू पडतो : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि एक क्लाउडवर किंवा पूर न येणाऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवली की नियम पाळला जातो. पेनड्राइव्ह यात नेआण करण्यापुरता असावा. ते काम तो चोख करतो. जपून ठेवण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये.

दिवाळीच्या आवराआवरीत खणात घरातलाच एखादा जुना पेनड्राइव्ह सापडला, तर तो आधी उघडून पाहावा, त्यातले हवे ते दोन ठिकाणी उतरवून घ्यावे आणि मगच तो पूर्ण पुसावा.