हासनचे वीस मृत्यू आणि बोम्मसंद्राच्या भाड्याच्या खोल्या

१० ऑगस्ट २०२५ ला, रविवारी, बंगळुरू मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली आणि तिचं शेवटचं स्थानक म्हणून बोम्मसंद्रा दिवसभर टीव्हीवर दिसत राहिलं. त्याआधीचा महिना-दीड महिना कर्नाटकच्या बातम्या हासन जिल्ह्याने व्यापल्या होत्या. या दोन बातम्यांत वरवर काही नातं नाही. पण हासनमध्ये जो प्रश्न अनुत्तरित राहिला, तोच बोम्मसंद्रात विचारला तर आणखी अवघड होऊन बसतो. इथे माणसं राहतात किती, आणि त्यांतली किती कशाने मरतात?

जूनमध्ये हासन जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं हृदयविकाराने गेली, त्यांत बरीच तरुण होती, हे सगळ्यांनी वाचलंच आहे. १ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी करोना लशीकडे बोट दाखवलं, दोन दिवसांनी बायोकॉनच्या किरण मजुमदार-शॉ यांनी ते खोडून काढलं आणि पुढे आठवडाभर वाहिन्यांना दुसरा विषय सुचला नाही. या सगळ्या गलक्यात एक साधा हिशेब कोणी मांडला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार हासन जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअठरा लाख. वर्षाला हजारी सहा मृत्यू धरले, तरी दर महिन्याला नऊशेच्या आसपास माणसं जातात. देशातल्या एकूण मृत्यूंपैकी साधारण चौथा हिस्सा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा असतो. म्हणजे हासनमध्ये दर महिन्याला असे दोनशेच्या वर मृत्यू होत असणार. त्यांतले वीस बातमीत आले. उरलेले नेहमीप्रमाणे दहाव्या-तेराव्यापर्यंत नातेवाइकांच्या बोलण्यात राहिले.

मग ते वीस विशेष होते का? असतीलही. तरुणांचं प्रमाण खरोखर वाढलं असेल. पण २०२४ च्या जूनमध्ये पंचेचाळिशीच्या आतले किती गेले हेच नोंदलेलं नसेल, तर २०२५ च्या जूनमध्ये ते वाढले हे म्हणायचं कशाच्या आधारावर?

जयदेव हृदयरोग संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. के. एस. रवींद्रनाथ यांच्या समितीने २४ मृत्यू तपासले. त्यांतले चार हृदयविकाराचे नव्हतेच. उरलेल्या वीसपैकी निम्म्यांतच कारण ठामपणे सांगता आलं, बाकीच्या दहांत ‘संभाव्य’ एवढंच. रुग्णालयांच्या नोंदींत असामान्य वाढ दिसत नाही, असा समितीचा निष्कर्ष. अहवाल प्रामाणिक आहे, पण त्याची मर्यादा उघड आहे. रुग्णालयाच्या नोंदीत तोच सापडतो जो रुग्णालयापर्यंत पोहोचला. घराच्या ओट्यावर किंवा रिक्षाच्या सीटवर गेलेला माणूस तिथे नसतो. समितीने तपासलेल्या मृतांमध्ये वाहनचालकांचं प्रमाण लक्षणीय होतं, हे इथे ध्यानात घ्यावं.

तिकडे बातम्यांनी घाबरलेली माणसं बंगळुरू आणि म्हैसूरच्या जयदेव रुग्णालयांबाहेर तपासणीसाठी रांगा लावून उभी राहिली. ओपीडीचे आकडे फुगले. आणखी चार वर्षांनी एखादा संशोधक ते आकडे काढून ‘जुलै २०२५ मध्ये हृदयरोग्यांत मोठी वाढ’ असं लिहील, तेव्हा त्याला कोण सांगणार की ती वाढ हृदयातली नव्हती, वर्तमानपत्रातली होती?

मृत्यूच्या कारणाची डॉक्टरने नोंद करण्याची व्यवस्था आपल्याकडे नाही असं नाही. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना असा वैद्यकीय दाखला होता. गोव्यात जवळपास प्रत्येक मृत्यूला तो मिळतो. तेव्हा हे अशक्य आहे, ही सबब चालणार नाही. छोटं राज्य आहे म्हणून सोपं जातं, एवढं मान्य.

आता बोम्मसंद्राकडे येऊ. होसूर रस्त्यावरचा हा पट्टा म्हणजे वैद्यकीय भारताचं शोकेस. डॉ. देवी शेट्टींचं नारायण हृदयालय इथलं, त्याच आवारात मजुमदार-शॉ कर्करोग केंद्र, जवळच बायोकॉन. तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीत मोबाइलचा वापर करण्याचे भारतातले सुरुवातीचे प्रयोग याच मंडळींनी केले. गावातली आरोग्य कार्यकर्ती तोंडाच्या आतला फोटो काढते, तो शहरातला तज्ज्ञ पाहतो आणि कोणाला बोलवायचं ते ठरवतो. कल्पना उत्तम आहे. आणि या सगळ्याच्या भोवती कारखाने, शेड आणि एका रांगेत बांधलेल्या भाड्याच्या खोल्या. एका खोलीत चौघे, दिवसपाळीचे दोघे आणि रातपाळीचे दोघे. ओडिशाचा, बिहारचा, तमिळनाडूचा, उत्तर कर्नाटकातला मुलगा दोन वर्षं इथे, मग होसूरला, मग आणखी कुठे.

हा मुलगा कोणाच्या यादीत आहे? आशाताई दुपारी दारावर येते तेव्हा खोलीला कुलूप असतं किंवा रातपाळीवाला झोपलेला असतो. त्याच्या गावची आशा म्हणते, तो तिकडे आहे. उद्या त्याच्या छातीत दुखलं आणि तो रुग्णालयात पोहोचला, तर रुग्णांच्या संख्येत एकाची भर पडेल. पण ती संख्या भागायची कितीने? शेवटची जनगणना २०११ ची. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. मधल्या काळात बोम्मसंद्रा आणि शेजारची हेब्बगोडी, जिगणी ओळखू येऊ नयेत इतकी बदलली. २०११ च्या लोकसंख्येने आजचे रुग्ण भागून काढलेला दर दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत दिला, तरी त्याचा उपयोग शून्य.

यावर काही करता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुण्याहून नगर रस्त्याने तासभर जावं. कोरेगाव भीमाजवळ वढू बुद्रुक आहे. आपल्याला ते संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत. पण सत्तरच्या दशकात डॉ. बानू कोयाजींनी तिथे पुण्याच्या केईएमचं ग्रामीण काम उभं केलं. (मुंबईचं केईएम वेगळं, हे रास्ता पेठेतलं.) बानूबाई स्त्रीरोगतज्ज्ञ. बाळंतपणं करता करता त्यांच्या लक्षात आलं की खरा आजार रुग्णालयाच्या दाराबाहेर आहे. मग गावातल्याच मुलींना आरोग्याचं शिक्षण देऊन घरोघर पाठवणं, हे त्यांनी आयुष्याचं काम केलं. १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. तरीही पुण्याबाहेर त्यांचं नाव किती जणांना सांगता येईल याची मला शंका आहे.

त्या पायावर २००२ साली वढूत एक नोंदव्यवस्था सुरू झाली. परिसरातली २२ गावं, त्यांतलं प्रत्येक घर आणि घरातलं प्रत्येक माणूस, प्रत्येकाला एक क्रमांक. दर सहा महिन्यांनी कार्यकर्ता दारात येतो. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण लग्न होऊन आलं, कोणी खोली सोडली, कोण नवीन राहायला आलं, एवढंच विचारतो. मृत्यू झाला असेल तर घरच्यांशी सविस्तर बोलणं होतं. आधी काय त्रास होता, किती दिवस, शेवटच्या तासांत काय झालं. त्या नोंदींवरून डॉक्टर कारण ठरवतात. शवविच्छेदनाइतकं ते अचूक नसतं, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

वढूचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण ही शांत शेतकरी गावं नाहीत. सणसवाडी, शिक्रापूर हा सगळा कारखान्यांचा पट्टा. मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेली माणसं तिथेही अशाच खोल्यांत राहतात आणि तशीच निघून जातात. पण तिथे आलेल्याची आणि गेलेल्याचीही नोंद होते. माणूस त्या गावात किती महिने राहिला हे ठाऊक असतं, त्यामुळे भागाकार खरा होतो. बोम्मसंद्रात नेमकं हेच नाही. हेलिपॅडपासून रोबोपर्यंत सगळं आणता येईल, पण दर सहा महिन्यांनी त्याच दारात जाणारा, त्याच गल्लीत ओळख असलेला पगारी माणूस तिथे कोणी ठेवलेला नाही.

बार्शीचंही नाव घ्यायला हवं. १९८७ पासून बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांची कर्करोग नोंदणी नर्गिस दत्त रुग्णालयातून चालते. ग्रामीण भारतातली ती पहिली. या कामाचा अनुभव असलेल्या माणसांमुळेच शेजारच्या (तेव्हाच्या) उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी होऊ शकली. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाने त्या अभ्यासातून मानलं.

वढूच्या कार्यकर्त्यात आणि आशाताईत एक मोठा फरक आहे. त्याला महिन्याचा पगार मिळतो. घरात बाळ जन्मलं काय, नाही काय, त्याच्या खिशात फरक पडत नाही. आशाताईच्या मानधनाचा मोठा भाग कामागणिक, आणि ते काम पोर्टलवर दिसलं तरच. कर्नाटकातल्या आशांची वर्षानुवर्षांची तक्रार हीच आहे की केलेलं काम पोर्टलवर जुळत नाही आणि पैसे बुडतात. जानेवारी २०२५ मध्ये त्या हजारोंनी बंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये बसल्या, तेव्हा कुठे किमान दहा हजारांचं आश्वासन मिळालं. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते. फोन चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होतं. अशा परिस्थितीत भरलेल्या माहितीकडे मी आकडेवारी म्हणून पाहत नाही, बिल म्हणून पाहतो. बिल खोटं असतंच असं नाही, पण ज्याचे पैसे मिळत नाहीत ते त्यात लिहिलं जात नाही. घरी झालेल्या चाळिशीतल्या पुरुषाच्या मृत्यूचे आशाताईला काय मिळतात?

वढूची पद्धत महाग आहे आणि संशोधनाच्या अनुदानावर अवलंबून आहे. ती राज्यभर नेता येणार नाही, न्यायचीही गरज नाही. प्रत्येक औद्योगिक पट्ट्यात दोन-तीन प्रभाग पुरे. पैशांचं म्हणाल तर होसूर रस्त्यावरच्या कंपन्या सामाजिक दायित्वाच्या दोन टक्क्यांतून दर वर्षी आरोग्य शिबिरं भरवतातच. शिबिराचा फोटो निघतो, ‘लाभार्थी’ मोजले जातात आणि मंडप उतरतो. तपासणीत ज्याचा रक्तदाब जास्त निघाला तो तीन महिन्यांनी कुठे आहे, हे विचारायला कोणी येत नाही. त्यांतल्या एका कंपनीने पाच वर्षं शिबिर बंद ठेवून त्या पैशांत बोम्मसंद्राच्या एका प्रभागात सहा माणसं नेमावीत, खोलीमालकांना आणि कंत्राटदारांना सोबत घ्यावं, आणि रात्री आठनंतर दारं वाजवावीत.

हासननंतर, जुलै २०२५ मध्ये, कर्नाटक सरकारने अचानक मृत्यू कळवणं बंधनकारक केलं आणि रुग्णालयाबाहेरच्या अशा मृत्यूंत शवविच्छेदन सक्तीचं करण्याची घोषणा केली. निर्णय योग्य आहे. पण आजवर न मोजलेली गोष्ट मोजायला लागलं की पहिल्या वर्षी ती वाढलेलीच दिसते. पुढे कधी ‘राज्यात अचानक मृत्यूंत प्रचंड वाढ’ असा मथळा आला, तर वाचकांनी त्याखाली दोन आकडे शोधावेत, आधीच्या वर्षीचा आणि लोकसंख्येचा. ते नसतील तर ती बातमी बाजूला ठेवावी आणि संपादकांना पत्र लिहून ते मागावेत.