ज्याचं त्याचं साल

ओपीटीच्या कार्डावर दोन तारखा छापलेल्या असतात. अमेरिकेत काम करायची परवानगी कधी सुरू होते आणि कधी संपते. माझ्या कार्डावर जुलै २००९ ते जुलै २०१० असं होतं. ते टपालाने हातात पडलं तेव्हा माझ्याकडे विद्युत अभियांत्रिकीतली एमएसची पदवी होती, सांगलीच्या घरावर बँकेचा बोजा होता आणि नोकरी नव्हती.

त्यानंतर दर उन्हाळ्यात ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा किंवा मुलीचा फोन येतो. "मावशी, पदवी झाली. तुम्ही नोकरी कशी मिळवली होती?" सुरुवातीची काही वर्षं मी सगळं भरभरून सांगत असे. पुढे लक्षात आलं, मी सांगते ते सगळं २००९ सालचं आहे. समोरच्या मुलाचं साल वेगळं, नियम वेगळे, बाजार वेगळा. आणि मला माझ्या वेळी सल्ला देणाऱ्यांनीही हेच केलं होतं. म्हणून हा मागोवा. अमेरिकेत शिकून तिथेच पहिली नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलांना कोणत्या साली कसली वाट मिळाली, हे एकदा ओळीने मांडायला हवं.

या वाटेवर दोन फाटकं आहेत. पहिलं ओपीटीचं. विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्याला आपल्या विषयात वर्षभर काम करण्याची मुभा. दुसरं एच-वन-बी व्हिसाचं, ज्यासाठी कंपनीने अर्ज करावा लागतो. १९९० च्या कायद्याने या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजार ठरवली. नव्वदीच्या अखेरीस संगणक क्षेत्राची भूक इतकी वाढली की संसदेने ती मर्यादा वाढवत नेली. २००१ ते २००३ या तीन आर्थिक वर्षांत ती १ लाख ९५ हजार होती. त्याच सुमारास डॉटकॉमचा फुगा फुटला, म्हणजे जागा मुबलक झाल्या आणि मागणी आटली. ऑक्टोबर २००३ पासून मर्यादा पुन्हा ६५ हजारांवर आली. २००४ च्या कायद्याने अमेरिकेतल्या विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार जागा दिल्या. ती ८५ हजारांची बेरीज आजही तशीच आहे.

आमच्या कॉलेजातले पुढचे दादा-ताई या काळात अमेरिकेत पोचले होते. सुट्टीला आले की सांगायचे, "एमएस कर, पुढचं आपोआप होतं." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्यातल्या बहुतेकांचं खरोखरच आपोआप झालं होतं.

मी ऑगस्ट २००७ मध्ये गेले. डॉलर तेव्हा ४१ रुपयांच्या आसपास होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एच-वनच्या पहिल्या दोन दिवसांतच १ लाख २० हजारांहून जास्त अर्ज येऊन पडले होते आणि सोडत काढावी लागली होती. पुढच्या वर्षी पाच दिवसांत १ लाख ६३ हजार अर्ज आले, पुन्हा सोडत. नोकरी हातात असलेले आमचे सीनियर नुसती चिठ्ठी निघाली नाही म्हणून सामान बांधताना मी पाहिले. त्याच एप्रिल २००८ मध्ये सरकारने एक मोठा दिलासा दिला. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतल्या पदवीधरांना ओपीटी आणखी १७ महिने वाढवून मिळू लागली. मात्र नेमणूक करणारी कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेली असायला हवी होती. त्याच नियमात आणखी एक कलम होतं. पदवीनंतरच्या ओपीटीत बिननोकरीचे दिवस एकूण ९० पेक्षा जास्त होता कामा नयेत. आमच्यापैकी कुणीही त्या कलमाकडे तेव्हा नीट पाहिलं नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. मार्च २००९ मध्ये डॉलर ५१ रुपयांच्या वर गेला. माझ्या शेवटच्या सहामाहीची फी तेवढीच होती, पण बाबांना ती भरताना चौथ्या हिश्शाने जास्त रुपये मोजावे लागले. विद्यापीठातल्या करिअर फेअरला आदल्या वर्षी दोन दालनं भरली होती, त्या वर्षी एकच भरलं, तेही अर्धं. रांगेत अर्धा तास उभं राहून रेझ्युमे पुढे केला की टेबलामागचा माणूस आधी एकच प्रश्न विचारायचा. आत्ता किंवा पुढे कधी व्हिसासाठी कंपनीची स्पॉन्सरशिप लागेल का? त्यातला 'पुढे कधी' हा शब्द फार कठीण होता. आत्ता लागणार नव्हती, ओपीटी होती. पण खरं उत्तर 'हो' असंच होतं आणि ते दिलं की रेझ्युमे खालच्या गठ्ठ्यात जायचा. सरकारी मदत घेतलेल्या बँकांवर फेब्रुवारी २००९ मध्ये एच-वनवर माणसं घेण्याबाबत कडक अटी आल्या, तेव्हा ते दारही लोटलं गेलं. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतली बेरोजगारी १० टक्क्यांवर पोचली.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोज एक दिवस खोडत होते. कॉलिंग कार्डावरून रविवारी घरी फोन व्हायचा. बाबा कधीच थेट विचारत नसत. "हवा काय म्हणते तिकडची?" एवढंच. आई मागून विचारायची, "अगं, कळवलं का कुणी?" बँकेने पहिल्या हप्त्यासाठी अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराची सवलत दिली होती. अमेरिकेची सवलत ९० दिवसांची होती. या दोन मुदतींमध्ये आमची पिढी सापडली होती.

याच दिवसांत एका कन्सल्टन्सीचा फोन आला. गृहस्थ गोड बोलले. रेझ्युमेवर पाच वर्षांचा अनुभव आम्ही लिहू, मुलाखतीला कुणीतरी मागून उत्तरं सांगेल, तुम्ही फक्त सही करा. मी नाही म्हटलं, पण ते सोपं गेलं नाही. ज्यांनी हो म्हटलं त्यांना मी आजही नावं ठेवत नाही. पाठीमागे कर्ज आणि पुढे मोजलेले दिवस असले की माणूस कोणतीही फांदी धरतो. पुढे जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर सरकारने कारवाई केली. तिथली बहुतेक मुलं भारतीय होती. हे 'विद्यापीठ' मुख्यतः व्हिसाचे कागद विकत होतं. त्यातल्या काही मुलांच्या घोट्याला पाळत ठेवणारं यंत्र बांधलं गेलं. ती बातमी वाचली तेव्हा माझं कॅलेंडर आठवून अंगावर काटा आला.

एकाहत्तराव्या दिवशी मी माझ्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत बिनपगारी काम धरलं. आपल्या विषयातलं, आठवड्याला निदान २० तासांचं स्वयंसेवी कामही नियमात बसत होतं. दिवस मोजणं थांबलं. जानेवारी २०१० मध्ये ओहायोतल्या एका छोट्या कारखान्यात नोकरी लागली. तिथे विजेची नियंत्रण पॅनेलं बनत. ई-व्हेरिफायचं नाव मालकांनी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे १७ महिन्यांची वाढ मला मिळणार नव्हती. पण एप्रिलमध्ये त्यांनी वकील गाठून माझा एच-वनचा अर्ज केला आणि तो विनासोडत मंजूर झाला.

या 'विनासोडत'चं कारण मला फार उशिरा उमगलं. एप्रिल २००९ मध्ये खुल्या झालेल्या जागा संपायला २१ डिसेंबर उजाडला होता. एप्रिल २०१० च्या जागा तर जानेवारी २०११ पर्यंत पुरल्या. कंपन्यांनी माणसंच घेतली नव्हती, म्हणून व्हिसे शिल्लक होते. मला जो व्हिसा मिळाला तो माझ्यासोबतच्या कितीतरी जणांना नोकरी न मिळाल्यामुळे मोकळा राहिलेला होता. माझ्या खोलीतल्या तिघींपैकी एक नव्वदाव्या दिवसाआधी पुण्याला परतली. गुणांनी ती माझ्यापेक्षा सरस होती.

बाजार सावरला आणि फाटकांची अदलाबदल झाली. २०१३ मध्ये पहिल्याच आठवड्यात सुमारे १ लाख २४ हजार अर्ज आले आणि तेव्हापासून सोडत दरवर्षीची झाली. २०१६ मध्ये अर्ज २ लाख ३६ हजार. आता नोकरी मिळत होती, चिठ्ठी निघत नव्हती. मधेच ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने १७ महिन्यांचा नियम, लोकांची मतं न मागवता केला म्हणून, रद्द ठरवला. सरकारला वेळ मिळाला आणि १० मे २०१६ पासून नवा नियम आला. वाढ २४ महिन्यांची झाली. तांत्रिक विषयातल्या पदवीधराला एकूण तीन वर्षं, म्हणजे सोडतीच्या तीन संधी. माझ्या ओळखीचा नाशिकचा एक मुलगा तिन्ही वेळा हुकला. त्याच्या कंपनीने त्याला टोरंटोच्या कचेरीत पाठवलं. तो हुशार नव्हता असं त्याच्या गावात कुणी म्हणालं असेल तर ते चुकीचं होतं.

मार्च २०२० पासून सोडतीची नोंदणी ऑनलाइन झाली, शुल्क फक्त १० डॉलर. एकाच उमेदवारासाठी अनेक कंपन्यांनी नावं घालायला सुरुवात केली. २०२३ मध्ये नोंदी ७ लाख ८० हजारांवर गेल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त अशा होत्या, ज्यांतल्या उमेदवाराचं नाव एकापेक्षा अधिक वेळा घातलेलं होतं. एकाच कंपनीकडून प्रामाणिकपणे नाव गेलेल्या मुलांवर हा उघड अन्याय होता. २०२४ पासून चिठ्ठी माणसागणिक एक झाली. २०२५ मध्ये शुल्क २१५ डॉलर झालं आणि पात्र नोंदी ३ लाख ४४ हजारांच्या आसपास उतरल्या.

याच काळात आपल्याकडून जाणाऱ्यांचा ओघ कधी नव्हे एवढा वाढला. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते. चीनला मागे टाकून भारत दीड दशकानंतर पहिल्या क्रमांकावर आला. त्यातले ९७ हजारांहून अधिक ओपीटीवर होते. ही मुलं निघाली तेव्हा तंत्रज्ञान कंपन्या माणसं ओढून नेत होत्या. पदवी घेऊन बाहेर पडली तेव्हा त्याच कंपन्या नोकरकपात करत होत्या. ९० दिवसांचं कलम मात्र तसंच होतं.

आणि मग १९ सप्टेंबर २०२५ आला. नव्या एच-वन अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. त्या शनिवार-रविवारी माझा फोन खाली ठेवता आला नाही. महिनाभराने खुलासा आला, की अमेरिकेतच विद्यार्थी व्हिसावर असलेल्या आणि तिथूनच व्हिसा बदलणाऱ्यांना ते लागू नाही. पण त्या महिन्यात किती घरांची झोप उडाली, याची नोंद कुठेच नाही. डिसेंबरमध्ये आणखी एक नियम आला, २०२६ च्या सोडतीपासूनचा. सगळ्यात वरच्या पगारश्रेणीतल्या उमेदवाराच्या चार चिठ्ठ्या, सगळ्यात खालच्या श्रेणीतल्याची एक. नुकता पदवीधर झालेला मुलगा बहुधा खालच्याच श्रेणीत असतो.

हे सगळं ओळीने मांडल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. मेहनत लागतेच. पण इतकीच मेहनत करणाऱ्या दोन मुलांमधला फरक बरेचदा त्यांच्या पदवीच्या सालाचा असतो. व्हिसाच्या खिडकीपाशी आपण 'परत येणार' असं सांगतो आणि गावात मात्र 'ती आता तिकडचीच' असं ठरून जातं. मग परतलेल्या मुलाला लग्नकार्यात चारचौघांत विचारलं जातं, "का रे, का आलास?" ही विचारणा आता थांबवू या. पुण्याला परतलेली माझी मैत्रीण आज स्वतःचा कारखाना चालवते, पण तिने तो काढला नसता तरी तिला हा प्रश्न विचारण्याचा कुणाला अधिकार नव्हता.

जाऊ नका, असं मी कुणालाच सांगत नाही. तिथल्या प्रयोगशाळेने, तिथल्या शिक्षकांनी मला जे दिलं ते मोलाचं आहे. पालकांना माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे: घर तारण ठेवण्याआधी, मुलगी परत आली आणि इथल्या पगारावर हप्ता भरावा लागला तर तो झेपेल का, हे कागदावर मांडून पाहा. झेपत नसेल तर कर्ज कमी करा, विद्यापीठ बदला किंवा वर्षभर थांबा. आणि मुलांनो, 'पुढचं आपोआप होतं' असं कुणीही सांगितलं, अगदी मीसुद्धा, तरी आधी विचारा: तुमची पदवी कुठल्या सालची?